लोणारचे क्षारजल आणि जीवोत्पत्तीचा वाद

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर वैद्यांना आणि औषधी निर्मात्यांना परिचित आहे ते त्याच्या क्षारांमुळे. येथील क्षारांपासून काच व साबण होत असल्याची नोंद ‘आईन-ए-अकबरी’तही आहे. लवणासुराची कथा तर सर्वश्रुतच. परंतु एखाद्या गोष्टीच्या उत्पत्तीविषयी अनेक मते असताना निर्णय कसा करावा, याचा वस्तुपाठही याच सरोवराने दिला आहे.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे की अशनिपाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला. भोवती सर्वत्र लाव्हाजन्य बेसाल्ट असल्याने पहिला पक्ष स्वाभाविक वाटे. निर्णय झाला तो मात्र दोन्ही पक्षांना वेगळे करणाऱ्या कसोटीवर. अशनीच्या आघाताने जो प्रचंड दाब निर्माण होतो, त्याने फेल्डस्पार खनिजाचे मस्केलिनाइट नावाच्या काचेत रूपांतर होते. ज्वालामुखीत तेवढा दाब नसतो. ही काच लोणारच्या खडकांत आढळल्याचे १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विवराच्या वयाविषयी मात्र मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ च्या आर्गॉन-मापनाने ५ लाख ७० हजार.

उत्पत्तीविषयीचे असे वाद आपल्या शास्त्राला नवे नाहीत. चरकसंहितेच्या यज्जःपुरुषीय अध्यायात काशिपती वामकाच्या प्रश्नावर पुरुषाचे व रोगांचे मूळ कोणी आत्म्यात, कोणी कर्मात, भरद्वाज स्वभावात, कांकायन प्रजापतीत, तर भिक्षु आत्रेय कालात पाहतात. पुनर्वसू या सर्वांना पक्षाभिनिवेश सोडावयास सांगतात. आग्रहाने वाद घालणारे घाण्याभोवती फिरत राहतात, असा त्यांचा दृष्टान्त आहे. तेथील प्रश्न पृथ्वीवरील आद्य जीवाचा नव्हता, हे मात्र ध्यानी ठेवावे. आधुनिक सिद्धान्त आपल्या ग्रंथांत आधीच होता, असे सांगण्याची घाई प्रस्तुत लेखकास मान्य नाही. सज्जीक्षार घेताना आपण व्यापाऱ्याची कथा ऐकून थांबत नाही, नमुना पाहतो. प्रजापतीचे मत खोटे ठरविता येत नाही, कारण कोणतेही निरीक्षण त्याच्या विरुद्ध जात नाही; म्हणूनच ते परीक्षेच्या कक्षेत येत नाही.

जीवोत्पत्तीच्या आजच्या मतांपैकी एक समुद्रतळावरील उष्ण झऱ्यांचे, दुसरे क्षारसरोवरांचे. गुणसूत्रांतील डीएनए व पेशीचे आवरण यांस फॉस्फरस लागतो. पण सामान्य पाण्यात कॅल्शियम त्यास बांधून ठेवते. कार्बोनेटयुक्त सरोवरात कार्बोनेटच कॅल्शियमला बांधते आणि फॉस्फेट मोकळे राहते. टोनर व कॅटलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०१९ च्या अखेरीस हा विचार मांडला, तेव्हा अशा सरोवरांच्या उदाहरणांत लोणारही होते. जीव लोणारातच जन्मला, असा याचा अर्थ नव्हे. पृथ्वीवर जीव किमान ३५० कोटी वर्षांपूर्वीपासून आहे; त्या मानाने लोणार कालचे.

हा विचार खरा असेल तर फॉस्फेट वापरणारे जीव जेथे थोडे, अशा क्षारसरोवरात त्याचा मोठा साठा दिसावयास हवा. कॅनडातील ‘लास्ट चान्स’ सरोवरात तो तसा आढळल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. यावरून आद्य जीवास फॉस्फेट कोठे मिळू शकले असते, एवढेच कळते. त्यापासून पेशी कशी घडली, हे अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेत करून दाखविता आलेले नाही.