अकरा ते सहा : लोकसभेचा एक दिवस

लेखमाला : संसद समजून घेताना (भाग ४)

मागच्या आठवड्यात आपण अधिवेशन कोण बोलावते आणि वर्षाचे पहिले अधिवेशन राष्ट्रपतींच्या अभिभाषणाने का सुरू होते, ते पाहिले. आज अधिवेशनातला एकच दिवस घेऊ. कुठलाही साधा, कामकाजाचा दिवस.

‘गदारोळामुळे लोकसभा दुपारी बारापर्यंत तहकूब’ ही बातमी अधिवेशनाच्या काळात इतक्या वेळा येते, की आपण ती वाचतो आणि पान उलटतो. अकरा ते बारा या वेळात काय व्हायचे होते, ते न झाल्याने कोणाचे काय बुडाले, हे त्या बातमीत क्वचितच असते. ते समजून घ्यायचे तर दिवसाची आखणी माहीत हवी. लोकसभेचे सगळे तास एकाच मालकीचे नाहीत. काही तास सरकारचे आहेत, काही साध्या खासदाराचे. दिवस गोंधळात गेला की दोघांचे सारखेच नुकसान होते, असा आपला समज असतो. तो खरा नाही.

पहिला तास खासदाराचा

सकाळी अकराला अध्यक्ष येत असल्याची वर्दी मार्शल देतात आणि सभागृह उभे राहते. कामकाज सुरू व्हायला घटनेच्या अनुच्छेद १०० प्रमाणे एकूण सदस्यांच्या एक दशांश, म्हणजे लोकसभेत ५५ जणांची गणसंख्या लागते. नव्या सदस्याची शपथ किंवा दिवंगत सदस्याला श्रद्धांजली असेल तर ती आधी होते. एरवी थेट प्रश्नोत्तरांचा तास सुरू होतो.

या तासाची तयारी निदान दोन आठवडे आधी झालेली असते. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस अगोदर द्यावी लागते. प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत हवा, न्यायप्रविष्ट बाबीवर नको, आणि त्यात मत किंवा आरोप नको, माहितीची मागणी हवी. मंत्रालयांचे पाच गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार ठरवून दिलेला असतो. त्यामुळे कुठल्याही मंत्र्याची पाळी आठवड्यातून एकदा येतेच.

एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि विषय तिथे थांबतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून उत्तर द्यायचे असते. खरा कस लागतो तो त्यानंतरच्या पुरवणी प्रश्नांत. मूळ उत्तर मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांनी लिहिलेले असते आणि बहुधा ते पटलावर ठेवून मंत्री मोकळे होतात. पुरवणी प्रश्न मात्र आधी कळवलेला नसतो. अधिकारी संभाव्य प्रश्नांचे जाड टिपण तयार करून देतात आणि सभागृहातल्या अधिकाऱ्यांच्या सज्जात हजर राहतात. तरीही आपल्या खात्याचा अभ्यास असलेला मंत्री आणि वाचून दाखवणारा मंत्री यांतला फरक इथे दोन मिनिटांत उघडा पडतो.

या तासाची आणखी दोन वैशिष्ट्ये आहेत. यादीत कोणाचा प्रश्न वर लागणार हे सोडतीने ठरते. तीनशे खासदारांच्या पक्षातला सदस्य असो की एकट्याचा पक्ष असलेला, चिठ्ठी सारखीच. दुसरे म्हणजे, प्रश्नाला पक्षादेश लागू नसतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर मतदानात पक्षादेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते. प्रश्न विचारण्यावर असे कोणतेही बंधन नाही. सत्ताधारी बाकावरचा खासदारही आपल्याच सरकारला अडचणीचा प्रश्न विचारू शकतो.

असा प्रश्न किती लांब जाऊ शकतो, हे १९५७ मध्ये दिसले. नव्यानेच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे शेअर घेतले होते. लोकसभेत त्यावर प्रश्न आला, उत्तर समाधानकारक नव्हते, आणि फिरोज गांधींनी तो विषय लावून धरला. ते काँग्रेसचे खासदार आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. तिची जाहीर सुनावणी मुंबईत झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. भक्कम बहुमताचे सरकार, विरोधक मूठभर, आणि तरीही अर्थमंत्र्यांना जावे लागले. प्रश्नाचे हे मोल संसदेनेही ओळखले आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात २००५ मध्ये दोन्ही सभागृहांतल्या मिळून ११ खासदारांना काढून टाकण्यात आले.

मंत्र्याच्या शब्दाचा पाठपुरावा करण्याचीही सोय आहे. ‘माहिती गोळा केली जात असून ती पटलावर ठेवली जाईल’ किंवा ‘या बाबीचा विचार करू’ अशी उत्तरे आश्वासन म्हणून नोंदवली जातात. ती साधारण तीन महिन्यांत पुरी व्हावीत अशी अपेक्षा असते आणि सरकारी आश्वासन समिती त्यांवर लक्ष ठेवते. ही समिती १९५३ मध्ये नेमली गेली. तेव्हा अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावच्या घराण्यातले. हा पाठपुरावा संथ असतो, पण शब्द नोंदीत राहतो.

बारानंतर : कागद आणि कैफियत

बाराला प्रश्नोत्तरांचा तास संपतो. वीसपैकी पाच-सहा प्रश्नांपर्यंतच सभागृह पोचलेले असते. उरलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी धरली जातात.

मग कागदपत्रे पटलावर ठेवली जातात. मंत्री एकामागून एक उठतात, एखादे वाक्य बोलतात आणि बसतात. बघणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही, पण या कागदांत महालेखापरीक्षकांचे अहवाल असतात, सरकारी कंपन्यांचे वार्षिक अहवाल असतात आणि कायद्याखाली सरकारने केलेले नियमही असतात. कायदा संसद करते, पण रोजच्या जगण्यात आपल्याला भिडतात ते हे नियम. ते पटलावर आल्यावर त्यांत बदल सुचवण्याचा किंवा ते रद्द करण्याची मागणी करण्याचा हक्क खासदाराला आहे. तो फारच थोडे जण वापरतात.

यानंतर येतो शून्य प्रहर. कामकाजाच्या नियमांत हे नाव सापडत नाही. साठच्या दशकात प्रथा पडली आणि ती टिकली. तातडीचा सार्वजनिक विषय खासदार दोन-तीन मिनिटांत मांडतो. अवकाळी पावसाने झोपलेली द्राक्षबाग, बंद पडलेली पॅसेंजर गाडी, रखडलेला उड्डाणपूल असे मतदारसंघातले विषय दिल्लीत पोचतात ते या वेळेत. मराठीतून बोलण्याची सोय आहे आणि त्याचा अनुवाद त्याच क्षणी इतरांच्या कानावर पडतो. मंत्र्यावर उत्तराचे बंधन नसते, ही या प्रहराची मर्यादा. ज्याला लेखी उत्तर हवे तो नियम ३७७ खाली आपला विषय देतो.

दुपार सरकारची

एक ते दोन जेवणाची सुटी. कामाचा रेटा असेल तर तीही रद्द होते. दोननंतर सभागृह सरकारच्या कामाकडे वळते, म्हणजे विधेयके, अर्थसंकल्प आणि ठराव. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे हे अध्यक्षांच्या नेतृत्वाखालची १५ सदस्यांची कामकाज सल्लागार समिती सुचवते. हे तास पक्षांत वाटले जातात ते त्यांच्या संख्याबळावर. सकाळी सोडतीपुढे सगळे सारखे होते. दुपारी मोठ्या पक्षाला तासभर मिळतो आणि एकट्या खासदाराला जेमतेम काही मिनिटे.

विधेयकाची तीन वाचने होतात. पहिल्यात ते मांडले जाते. दुसऱ्यात आधी तत्त्वावर चर्चा होते, मग एकेक खंड आणि त्यावरच्या दुरुस्त्या घेतल्या जातात. तिसऱ्यात संपूर्ण विधेयक मताला टाकले जाते. खंडवार विचार हा कायद्याचा गाभा आहे. एखादी व्याख्या सैल राहिली, तुरुंगवासाची तरतूद अकारण कडक झाली, तर ती दुरुस्त करण्याची सभागृहातली अखेरची संधी हीच. पण याच टप्प्यावर सभागृह सर्वाधिक रिकामे असते आणि खंड घाईघाईने पुढे सरकतात.

मतदान प्रथम आवाजी होते. अनुकूल असणारे ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल असणारे ‘नाही’, आणि अध्यक्ष आपला अंदाज सांगतात. त्याला कोणी हरकत घेतली तर मतविभागणी होते. साडेतीन मिनिटे घंटा वाजते, ग्रंथालयात, उपाहारगृहात असलेले खासदार धावत येतात आणि दारे बंद होतात. हिरवे बटण होकाराचे, लाल नकाराचे, पिवळे तटस्थतेचे. कोणी कोणते बटण दाबले याची कायमची नोंद राहते. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० असा निकाल लागला, आणि एका मताने सरकार गेले. अशी वेळ क्वचित येते. एरवी पक्षादेशामुळे निकाल आधीच ठाऊक असतो, म्हणून तर मतापेक्षा चर्चेला आणि दुरुस्तीला अधिक मोल आहे.

शुक्रवारी शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांना आणि ठरावांना राखून ठेवलेले असतात. आजवर अशी १४ विधेयके कायदा होऊ शकली, आणि शेवटचे १९७० मध्ये. तरी हे तास वाया जात नाहीत. राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै यांनी गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर मांडलेले घटनादुरुस्तीचे विधेयक मंजूर झाले नाही. मात्र मूलभूत हक्कांत बदल करण्याचा अधिकार संसदेला असावा की नसावा, यावर देशभर गंभीर चर्चा घडली ती त्यामुळे.

सहाच्या सुमारास सभागृह उठते. काही दिवशी त्याआधी अर्ध्या तासाची चर्चा असते. सकाळच्या उत्तराने समाधान न झालेला सदस्य तोच विषय पुन्हा उकरून काढू शकतो, ती ही संधी.

गोंधळात कोणाचे काय जाते?

आता तहकुबीकडे वळू. अकराला घोषणा सुरू झाल्या, सदस्य अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरले आणि कामकाज थांबले, की पहिला बळी जातो प्रश्नोत्तरांच्या तासाचा. बाराला पुन्हा तेच झाले तर शून्य प्रहर जातो. दुपारी मात्र सरकारकडे बहुमत असते. गदारोळातही विधेयक मांडता येते आणि आवाजी मताने मंजूर करून घेता येते. २९ नोव्हेंबर २०२१ ला तीन कृषी कायदे रद्द करणारे विधेयक एकाच दिवसात दोन्ही सभागृहांत चर्चेविना मंजूर झाले. २०१८ आणि २०२३ मध्ये सगळ्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेने चर्चेविना संमत केल्या. सरकारचे काम असे उरकले जाते. साध्या खासदाराचा तास मात्र परत मिळत नाही.

याचा दोष एका बाजूवर टाकून भागणार नाही. आज सत्तेत असलेल्यांनी काल विरोधात असताना कामकाज रोखले आहे आणि आज विरोधात असलेल्यांनीही तेच केले आहे. विरोधकांची एक अडचण खरी आहे. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये दर सत्रात २० दिवस विरोधी पक्षांनी निवडलेल्या विषयांना दिलेले असतात. आपल्याकडे तशी तरतूद नाही. विषय चर्चेला घ्यायचा की नाही हे सरकारची तयारी आणि अध्यक्षांची अनुमती यांवर ठरते. दार बंद असले की आवाज चढतो. ही तरतूद आपणही करायला हवी, असे माझे ठाम मत आहे. तरीही सकाळचा तास बुडवून सरकारला कोंडीत पकडता येते, हा हिशेब चुकीचा आहे. मंत्र्याला उभे करण्याचे जे हक्काचे साधन हाती असते, तेच आपण टाकून देतो. मधु लिमये, मधु दंडवते यांच्यासारख्या संख्येने लहान पक्षांतल्या खासदारांचा दबदबा होता तो नियमांच्या आणि प्रश्नांच्या जोरावर.

दिवसही कमी होत चालले आहेत. पहिल्या लोकसभेच्या (१९५२–५७) ६७७ बैठका झाल्या, सतराव्या लोकसभेच्या (२०१९–२४) २७४. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात करोनाचे कारण देऊन प्रश्नोत्तरांचा तासच वगळला गेला आणि फक्त लेखी उत्तरे मिळाली. तास आधीच इतके थोडे उरलेले असताना एकेका तासाची किंमत वाढते.

आपल्याला यात काय करता येईल? प्रत्येक प्रश्न, त्याचे उत्तर आणि सभागृहातला शब्दन् शब्द संसदेच्या संकेतस्थळावर खुला आहे. आपल्या खासदाराच्या नावाने शोध घेतला, की त्याने कोणत्या मंत्रालयाला काय विचारले ते दिसते. अतारांकित प्रश्नांच्या उत्तरांत कित्येकदा जिल्हावार आकडेवारी मिळते, आणि ती पत्रकार, कार्यकर्ते, विद्यार्थी अशा कोणालाही वापरता येते. मंत्री मात्र प्रश्न विचारत नाहीत आणि पीठासीन अधिकारीही नाही, एवढे लक्षात ठेवावे. निवडणुकीच्या सभेत खासदाराला रस्ते आणि निधी यांबद्दल आपण विचारतोच. पाच वर्षांत संसदेत तुम्ही काय विचारले आणि काय उत्तर मिळवले, हेही विचारायला लागलो, तर सकाळी अकराच्या तासाला दिल्लीतही वजन येईल.

पुढच्या आठवड्यात : सभागृहाबाहेर, कॅमेऱ्यांपासून दूर चालणारे काम. १९९३ मध्ये सुरू झालेल्या विभागवार स्थायी समित्या विधेयकाची छाननी कशी करतात, आणि पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे जात असताना सतराव्या लोकसभेत ते प्रमाण १६ टक्क्यांवर आल्याने कायद्यांच्या दर्जावर काय परिणाम होतो, ते पाहू.