घड्याळ नेमके काय मोजते?

दोन तापमापी घ्या. एकीच्या फुग्याची काच पातळ, दुसरीची जाड. दोन्ही एकदमच कोमट पाण्यात बुडवा. काही सेकंदांतच वाचन घेतले, तर पाणी एकच असूनही पारा वेगवेगळ्या उंचीवर दिसेल. थोडे थांबलो, तर दोन्ही वाचने जुळतील. म्हणजे वेळ अपुरा असला, की आपण तापमानाबरोबर तापमापीचा वेगही मोजत असतो.

प्रवेशपरीक्षांचेही असेच आहे. ४ मे २०२५ रोजी नागपूरसह देशभर झालेल्या नीट परीक्षेत १८० प्रश्न आणि १८० मिनिटे होती. प्रश्न वाचणे, आकडेमोड करणे, गोल रंगवणे, सारे ६० सेकंदांत! नागपूरच्या शिकवणीवर्गात दोन वर्षे सराव केलेला विद्यार्थी आणि भामरागडच्या आश्रमशाळेतून आलेला विद्यार्थी यांना मिनिटे सारखीच मिळतात. पण वेग सरावाने येतो, आणि असा सराव बहुधा पैसे मोजून मिळतो.

सारखी मिनिटे म्हणजे न्याय, हे नेहमीच खरे नसते. २०२१ च्या नीटमध्ये मुंबईतील एका केंद्रावर डिस्ग्राफिया (लेखन-अक्षमता) असलेल्या विद्यार्थिनीला नियमाने मिळणारा जादा एक तास न देता तिची उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेरपरीक्षेची मागणी मान्य केली नाही. मात्र झालेला अन्याय दूर करण्याचा मार्ग शोधण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितले. तासामागे २० मिनिटे जादा देणे ही मेहेरबानी नव्हे. ती मापनातील चुकीची दुरुस्ती आहे.

टंकलेखनाच्या परीक्षेत वेग हाच विषय असतो. जीवशास्त्राच्या परीक्षेत तो किती असावा?

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. अर्ध्या तासाची चाचणी द्या. वेळ संपताच सर्वांना पेन खाली ठेवून पेन्सिल घ्यायला सांगा आणि आणखी १५ मिनिटे द्या. आधी फक्त पेनाच्या उत्तरांवरून क्रम लावा, मग पेन्सिलची उत्तरेही धरून लावा. दुसऱ्या यादीत जी मुले बरीच वर सरकतील, त्यांच्याविषयी आपले मत कशावरून बनले होते, हे आपण स्वतःलाच विचारू या.