सातवी आज्ञा आणि वसतिगृह

जैनथ परिसरातील मुले-मुली शिक्षणासाठी आदिलाबादेस, हैद्राबादेस जातात. वसतिगृहांत पुस्तकांच्या व चित्रपटांच्या नकला मोबाईलवरून हातोहात फिरतात. ही चोरी म्हणावी काय?

सरसकट 'होय' म्हणणे न्यायाचे नव्हे. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या एका दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. तेथे विद्यार्थ्यांस अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांच्या प्रती मिळत. अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या प्रती १९५७ च्या कॉपीराइट कायद्यास मान्य आहेत, असा निर्णय उच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. गरिबाच्या विद्येचे द्वार कायद्याने लावून घेतलेले नाही.

परंतु ही मोकळीक शिक्षणापुरतीच. करमणुकीसाठी चोरटा चित्रपट उतरवून वाटणे हा गुन्हा होय. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेतातला कापूस कोणी वेचून नेला तर आपण त्यास चोर म्हणतो. नकलेने मूळ वस्तू जागीच राहते हे खरे. पण राबणाऱ्याची मजुरी बुडते, आणि सातवी आज्ञा तिचेही रक्षण करते.

पालकहो, मुले सुट्टीत घरी येतील तेव्हा मोबाईल हिसकावू नका. "बाळा, ह्याची मजुरी कोणास पोचली?" एवढेच प्रेमाने विचारा.