वेळासची उपडी टोपली 🐢

सकाळी सात वाजता वेळासच्या किनाऱ्यावर दोरीमागे उभे होतो. कार्यकर्त्याने वाळूतल्या कासवाच्या घरट्यावरची उपडी टोपली उचलली. खाली काहीच नव्हतं! बाजूच्या काकू म्हणाल्या, "आज नाय, संध्याकाळी बघू."

संध्याकाळी खरंच तीन पिल्लं निघाली. तळहातावर मावतील एवढी. धडपडत, उलटी होत समुद्राकडे गेली.

रत्नागिरी जिल्ह्यातलं हे गाव. पूर्वी इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सर्रास चोरली जायची. २००२च्या सुमारास चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन काम सुरू केलं. पुढे कासव महोत्सव आला.

मादी एका खड्ड्यात साधारण शंभरेक अंडी घालते. कार्यकर्ते ही अंडी किनाऱ्यावरच्या कुंपणातल्या वाळूत तशाच खड्ड्यात पुरतात. पिल्लं निघायला दीड-दोन महिने लागतात. गंमत म्हणजे वाळूच्या उबेवर नर की मादी हे ठरतं: जास्त ऊब, तर माद्या जास्त.

महोत्सवाला पिल्लं बघायला येणारे पाहुणे राहतात गावातल्याच घरांत. पैसा घरोघरी जातो. म्हणजे अंडं विकण्यापेक्षा पिल्लू जगवणं गावाला परवडतं. सगळी मेख इथेच आहे.

जाणार असाल तर फ्लॅश नको, पिल्लांना हात नको, दोरी ओलांडू नका. हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पिल्लं दिसतीलच याची हमी नाही, म्हणून दोन दिवस काढूनच जा.

काही विचारायचं असेल तर खाली बिनधास्त विचारा 🙂