ओरिजिनल 'वर्क फ्रॉम होम'

घरी बसून हाताने सिगार वळणं हा हौशी लोकांचा एकदम हटके छंद. पण आपल्या सोलापूरच्या बायका हेच काम पिढ्यान्‌पिढ्या घरबसल्या करत आल्यात. फक्त त्याला कोणी छंद म्हणत नाही.

'हॅण्ड-रोल्ड' हा शब्द कशालाही चिकटवा, किंमत लगेच वाढते. साबण असो, अगरबत्ती असो की सिगार. कॉर्पोरेट पार्टीत मखमली डबीतून सिगार निघाला की हे वाक्य ठरलेलं: ''क्यूबन आहे, हाताने वळलेला!'' मग दोन मिनिटं सगळे त्याच्याकडे आदराने बघतात.

आधी हा सिगारचा फंडा काय ते समजून घेऊ. सिगारचे तीन थर असतात. आत गाभ्याची पानं, त्यावर ती घट्ट धरून ठेवणारं बांधणीचं पान आणि सगळ्यात वर देखणं, नितळ वेष्टणाचं पान. गाभ्याची पानं चुरायची नाहीत. एकेक दुमडून अशी रचायची की मधून हवा खेळली पाहिजे. फार दाबलं तर धूर ओढला जात नाही, सैल राहिलं तर भसाभस जळतो. मग हा गठ्ठा लाकडी साच्यात दाबून ठेवायचा. वेष्टणाचं पान 'चावेता' नावाच्या अर्धगोल पात्याने कापायचं, तिरकं गुंडाळत न्यायचं आणि टोकाला वनस्पतिजन्य गोंदाने टोपी चिकटवायची. तयार सिगार साधारण ७० टक्के आर्द्रतेत मुरवतात. क्यूबातला सराईत कारागीर दिवसाला शंभरच्या आसपास सिगार वळतो आणि एका नावाजलेल्या सिगारला आपल्याकडे सहज हजारांत पैसे मोजावे लागतात.

आता याच कलेचं आपलं देशी व्हर्जन.

नावड्यातल्या अक्का

नावडे म्हणजे तळोजा एमआयडीसीच्या शेजारचं, दिवा-पनवेल लाइनवरचं स्टेशन. इथल्या बिल्डिंगांमध्ये अख्खा महाराष्ट्र राहतो: कोकण, खान्देश, मराठवाडा आणि अर्थातच सोलापूर. माझ्याच मजल्यावर राहणाऱ्या अक्का तिथल्याच. मुलगा एमआयडीसीत नोकरीला लागला म्हणून त्या इकडे आल्या. घरात तेलुगू, बाहेर खास सोलापुरी मराठी. बाराव्या वर्षापासून त्यांनी विड्या वळल्या. ''किती वर्षं?'' म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ''मोजली नाहीत गं, विड्याच मोजत बसले!''

अक्कांनी सोलापूरहून येताना आपलं सूप, कात्री आणि पत्र्याचा छोटा आयताकृती फर्मा आणलाय. थोडी तेंदूची पानंही होती. माझ्या आग्रहाखातर एका रविवारी त्या भिंतीला टेकून बसल्या, सूप मांडीवर घेतलं आणि डेमो सुरू झाला.

तेंदूचं पान म्हणजे टेंभुर्णीचं पान. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलात उन्हाळ्यात ते तोडतात आणि वाळवतात. वळण्याआधी ते भिजवून ओलसर ठेवायचं, नाहीतर दुमडताना तडकतं. पानावर फर्मा ठेवून कात्रीने तुकडा कापायचा. जाड शीर मध्ये येऊ द्यायची नाही. चिमूटभर, म्हणजे साधारण ०.२ ग्रॅम तंबाखू सारखी पसरायची. मग अंगठा आणि पहिली दोन बोटं यांच्यात एकच वळसा. एक टोक जाड, दुसरं निमुळतं. टोक आत दुमडायचं आणि दोरा बांधायचा. झाली विडी!

गोंद नाही, साचा नाही, वजनकाटा तर नाहीच. ''चिमटीलाच कळतंय किती ते,'' अक्का म्हणाल्या. खरंच, त्यांनी ओळीने मांडलेल्या दहा विड्यांत मला डाव्या-उजव्याचा फरक दिसला नाही.

जरा गणित करू या. कामाचं माप हजार विड्यांचं. आठ तासांत हजार, म्हणजे एका विडीला २९ सेकंद. त्यात पान कापणंही आलं आणि दोरा बांधणंही. बरं, हे आठ तास सलग मिळत नाहीतच. मधे पाणी भरायचं, स्वयंपाक, पोरांची शाळा. शेजारी बाळ झोपलेलं आणि घरभर तंबाखूची धूळ. खोकला, पाठदुखी, सुन्न पडणारी बोटं हा या 'जॉब'चा पर्मनंट अलाउन्स.

बॉस घरी नसतो, पण असतो

सोलापुरात पद्धत अशी: सकाळी कारखान्याच्या शाखेत जायचं, कालच्या विड्या जमा करायच्या, आजची पानं आणि तंबाखू घेऊन यायची. तपासणारा विड्या बघतो. पसंत पडल्या तर हिशोबात, नाहीतर बाद. बाद विडीची मेहनत फुकट.

मग प्रश्न येतो, या बायका कामगार की घरबसल्या 'स्वतंत्र' काम करणाऱ्या? १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी खास कायदा झाला. हो, विडी आणि सिगार एकाच कायद्यात! त्यात घरी वळणाऱ्यांनाही कामगार मानलं गेलं. तरी भविष्यनिर्वाह निधीसाठी भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९८५ च्या पी. एम. पटेल खटल्यात कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: माल नाकारायचा हक्क मालकाकडे आहे ना, मग देखरेखही त्याचीच. घरी वळणाऱ्यांनाही पीएफ लागू.

या ओळखीतून पुढे बरंच काही उभं राहिलं. सोलापूरजवळ कुंभारीला महिला विडी कामगारांसाठी १०,००० घरांची वसाहत झाली. गोदावरी परुळेकरांचं नाव असलेल्या या वसाहतीची घरं २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते देण्यात आली. मागे नरसय्या आडम आणि युनियनचा वर्षानुवर्षांचा रेटा होता. अक्कांचं एक घर तिथे आहे. ''मोर्चात चालून चालून चपला झिजल्या. पण दारावर पाटी माझ्या नावाची हाय.'' हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. विड्यांबद्दल बोलताना तो तसा कधीच झाला नव्हता.

पेन्शनही आहे, महिन्याला हजाराच्या घरात. २०१४ पासून या योजनेतली किमान पेन्शनच १,००० रुपये आहे. म्हणजे एका भारी सिगारच्या किमतीपेक्षाही कमी. हात तोच, मुरलेली नजर तीच. पण एकाचं नाव डबीवर सोनेरी अक्षरात, तर दुसरीची ओळख फक्त कार्डावरचा नंबर.

मग विडीचं गुणगान करायचं का?

अजिबात नाही. तेंदूचं पान हवा फारशी आत घेत नाही, त्यामुळे विडी पेटती ठेवायला झुरके जास्त मारावे लागतात. निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइडही भरपूर जातं. हा धंदा आटला तर फुप्फुसं सुखावतील. अक्कांनाही त्याचं दुःख नाही. त्यांची सून विडी वळत नाही, याचा त्यांना अभिमानच आहे. त्यांचा प्रश्न वेगळा आहे: ''बोटांना दुसरं काही येत नाही, त्यांनी आता काय करायचं?'' सोलापुरात अजूनही हजारो बायका विड्या वळतात. याचं उत्तर त्यांना मिळायला हवं.

> जाता जाता
> * क्यूबाच्या सिगार कारखान्यात कामगारांना पेपर आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारा खास वाचक असतो. केरळात १९६९ साली सुरू झालेल्या दिनेश बीडी सहकारी संस्थेतही पेपर वाचून दाखवायचे.
> * निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या लढ्यावर 'युगांतर' गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला.
> * जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये विडीवरचा कल्याण उपकर बंद झाला.

आणि हे फक्त सोलापूरचं आहे असं समजू नका. लॅपटॉप मांडीवर घेऊन घरून काम करणारे आपण, बाइकवरून पार्सल पोचवणारा आपला मित्र, 'कन्सल्टंट' म्हणून साइन केलेली मैत्रीण, सगळे त्याच रांगेत आहोत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, १९६६ चा कायदा त्यांत विलीन झाला आणि गिग कामगारांची व्याख्याही कायद्यात आली. नावं बदलली, भांडण तेच.

तेव्हा पुढचं कॉन्ट्रॅक्ट हातात आलं की पॅकेजच्या आकड्याआधी दोनच गोष्टी बघा. तुमचं काम नापास करायचा हक्क कोणाकडे आहे? आणि तुमचा पीएफ कोण भरतंय?