शर्टाच्या बटणातला शंख

हाताला गार लागणारे, उजेडात इंद्रधनुष्यी छटा दाखवणारे बटण एखाद्या जुन्या झब्ब्याला तुम्ही पाहिले असेल. अशी पुष्कळशी बटणे ट्रोकस नावाच्या सागरी गोगलगायीच्या शंखातून कापलेली असतात. हा शंख उपड्या ठेवलेल्या भोवऱ्यासारखा दिसतो. प्रवाळखडकांवर राहणारा हा प्राणी रात्री बाहेर पडून शेवाळ खरवडून खातो.

ट्रोकसचे डिंभ पाण्यात जेमतेम तीन-चार दिवस तरंगतात आणि मग खडकाला चिकटतात. एवढ्या अवधीत ते किती दूर जाणार! त्यामुळे अंदमानपासून फिजीपर्यंत आढळणारा ट्रोकस त्यापलीकडच्या कुक बेटांवर आपणहून पोचलाच नव्हता. १९५७ साली फिजीहून काही शे ट्रोकस आणून तेथील ऐतुताकी बेटापाशी सोडण्यात आले. ते असे फोफावले की १९८० च्या दशकात त्यांचा व्यापार सुरू झाला.

मग चिंता कसली? एक प्रयोग करा. पिशवीत ९९५ चिंचोके आणि ५ लाल मणी घालून चांगले मिसळा. न पाहता ५० दाणे काढा. पुनःपुन्हा करून पाहा. चारांपैकी सुमारे तीन खेपांना एकही लाल मणी हाती येणार नाही. आता त्या ५० दाण्यांपासून लाखो दाणे निपजले, तरी त्यांत लाल मणी कोठून येणार?

जनुकांचेही असेच. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या वसाहतीत संख्या भरपूर, पण दुर्मिळ जनुके गळालेली असण्याचा संभव असतो. उद्या पाणी तापले किंवा रोग आला, तर तग धरण्याचा गुण कदाचित त्या गळालेल्या जनुकातच असेल. नवे जनुक उत्परिवर्तनाने निर्माण होते खरे, पण त्याला फार काळ लागतो.

म्हणूनच मूळ प्रदेशातील ट्रोकस मोलाचे. भारतात अंदमान-निकोबारच्या खडकांवर ते आहेत, आणि बेसुमार उपशामुळे २००१ मध्ये त्यांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत समावेश झाला. काही देशांत फार लहान शंखांबरोबर फार मोठेही काढू देत नाहीत, कारण मोठी मादी कितीतरी पट अधिक अंडी घालते. उबवणकेंद्रात पिल्ले वाढवून खडकांवर सोडण्याचा उपायही चांगला आहे. मात्र तेथे चार-दोन माद्यांवर भागवले, तर आपण पुन्हा तीच ५० दाण्यांची मूठ भरत असतो.