शिकविण्याचा अधिकार कोणाचा?

स्त्रीच्या नेतृत्वाच्या आड काय येते, असे विचारले की आपण चटकन अज्ञानाकडे बोट दाखवितो. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र पाहिले, म्हणजे हे उत्तर अपुरे वाटू लागते.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना, त्यांनी पुरुषांनाही शिकवावे असा विचार निघाला. लाहोर व मुंबईच्या बिशपांनी त्यास हरकत घेतली. त्यामुळे म्हणे स्वदेशातील त्यांच्या कार्याला बाध आला असता! रमाबाईंना नवल वाटले. आईने व आपण तरुणांना शिकविण्यास ना वडिलांनी हरकत घेतली, ना पतीने. मग ती इंग्रजांनी का घ्यावी, असे त्यांनी पत्रातून कळविले.

म्हणजे विद्या होती, मान्यताही होती. परंतु परवानगी देणारे हात दुसऱ्यांचे होते. स्त्रीने सेवा करावी, निर्णय मात्र इतरांनी घ्यावा, ही वाटणी फार जुनी आहे. रोमन कॅथॉलिक पंथात स्त्रीला धर्मगुरूपद नाही. १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तसे पुन्हा स्पष्ट केले. १९४७ साली स्थापन झालेल्या 'चर्च ऑफ साउथ इंडिया'ला पहिली स्त्री बिशप, पुष्पा ललिता, लाभण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

रमाबाईंनी परवानगीची वाट पाहिली नाही. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावी मुक्ती सदन उभारले. हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले.

समाजात तरी निराळे काय आहे? १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. तरीही सही सरपंचबाईंची आणि शब्द 'सरपंचपतीं'चा, असे चित्र अनेक गावांत दिसते. कायद्याने खुर्ची मिळते; तिच्यावर बसणारीचे ऐकून घेण्याची सवय मात्र आपणांसच लावून घ्यावी लागेल. जवळा बाजारच्या ग्रामसभेत पुढच्या खेपेस एखादी भगिनी बोलावयास उठेल, तेव्हा आपण तिचे म्हणणे पुरते ऐकतो की तिच्या पतीकडे पाहतो, एवढे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे.